गुऱ्हाळातला पहारा

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं यावं. कीर्तनाला आणि गोष्टीला लांबून बसलं की निम्मी गोडी हवेतच जाते. आमच्या राहू गावात यंदाच्या माघात एकाच वेळी दोन सप्ताह बसले होते, एक देवळात आणि एक गुऱ्हाळात. त्याची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा हसत उठाल, एवढा शब्द माझ्याकडून घ्या.

गुऱ्हाळ मारुतरावांचं. बरीच वर्षं बंद होतं. त्यांची थोरली स्नेहल शिकत शिकत पार परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेली, आणि परत आली ती डोक्यात एक हट्ट घेऊन. जे यंत्र तिकडं बनतं ते राहूत बनवायचं. बापानं विचारलं, "जागा कुठंय?" ती म्हणाली, "गुऱ्हाळ हाय की." जोडीला तिच्याच वर्गातला सम्राट आला, कुरकुंभच्या कारखान्यातली नोकरी सोडून. दोघांनी गूळ शिजवायच्या काहिली बाहेर काढल्या, भिंतींना फरशी बसवली, आत प्लास्टिकची एक स्वच्छ खोली उभी केली. तिथं जायचं तर टोपी, हातमोजे, तोंडाला फडकं. जिथं उभ्या गावानं काकवी चाटली, तिथं आता बोटाचा ठसा उमटला तरी पोरगी ओरडायची.

यंत्राचं नाव इलेक्ट्रॉनची बंदूक. नाव ऐकून पोलीसपाटील एकदा येऊन गेले, चहा पिऊन परत गेले.

स्नेहलनं ते काय असतं हे सर्वांत सोपं करून सांगितलं तिच्या आत्याला, सोजराबाईंना. सोजराबाई म्हणजे आमच्या भजनातला बायकांचा पहिला आवाज. काल्याचं कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नाही, अगदी स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणातसुद्धा. मी तिथं टाळ दुरुस्तीला म्हणून सम्राटकडं गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"आत्या, इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा बारका कण. त्याला स्वतःची एक फिरकी असते. फुगडीसारखी समज. काही उजवीकडं फिरतात, काही डावीकडं. साध्या तापलेल्या तारेतनं जे बाहेर पडतात ते निम्मे असे, निम्मे तसे. मला सगळे एकाच बाजूला फिरणारे पाहिजेत."

"आन् ते तुझं ऐकत्यात व्हय?"

"माझं न्हाई, उजेडाचं ऐकतात. आपण आरती ओवाळतो ना, तसा गोल फिरत जाणारा उजेड एका स्फटिकावर सोडायचा. उजेडाची फेरी कणाला लागते. मग तो तशीच फिरकी घेऊन बाहेर उडी मारतो."

"म्हंजी तुम्ही आरती करायची आन् त्यांनी नाचत भायेर यायचं."

"अगदी तसंच!"

"आन् नाचून जायाचं कुठं?"

"मोठ्या यंत्रात. तिथं त्यांना जोरात पळवून अणूच्या पोटावर आपटायचं. एका फिरकीचे कसे उडाले, दुसऱ्या फिरकीचे कसे उडाले, त्यातला फरक बघून पोटात काय चाललंय ते कळतं."

सोजराबाई विचारात पडल्या. "गरोदर बाईचं पोट बघून मुलगा की मुलगी सांगायचे, तसलं न्हाई ना काही?"

"न्हाई गं आत्या!"

"मग चालंल."

असं हे यंत्र. आता त्यात अडलं होतं काय, तेही सांगून टाकतो. एका मोठ्या प्रयोगशाळेत नवं मोठं यंत्र उभं राहायचं होतं. त्याला लागणारी ही बंदूक परदेशातून मागवायची की स्नेहलकडून घ्यायची, हे ठरवायला अनुपमाबाई नावाच्या शास्त्रज्ञ येणार होत्या. शंभरामागं एका फिरकीचे किती जास्त, हा आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि लगेच पुढच्या बैठकीत तसा अहवाल द्यायचा. आकडा ऐंशीच्या वर दिसला तर काम राहूला. नाही दिसला तर गुऱ्हाळाला पुन्हा कुलूप आणि स्नेहल परत विमानात. पोरगी ओठांवर आणत नव्हती, पण मारुतराव रोज संध्याकाळी गुऱ्हाळाच्या दारापर्यंत यायचे, आत न जाता परत फिरायचे. बापाला कुलपाचा आवाज आधीच ऐकू येत होता.

आणि बाई यायच्या आधी, बंदूक ज्यात बसते त्या पोलादी पात्राला आठवडाभर शेक द्यायचा होता. पोलाद दिसायला कोरडं, पण अंगात ओल धरून असतं, पावसाळ्यातल्या मिठासारखं. आतली सगळी हवा उपसली तरी ती ओल झिरपत राहते आणि त्या नाजूक स्फटिकावरचा लेप मारून टाकते. म्हणून पात्राभोवती तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून चंदेरी कागद, आणि दिवसरात्र भाजत ठेवायचं. आच खाली येऊ द्यायची नाही, वर जाऊ द्यायची नाही. आमच्याकडं लाईट कवा येते न् कवा जाते हे तुम्हाला माहीतच आहे. आपोआप सांभाळणारा डबा मागवला होता, तो वाटेत कुठंतरी अडकला. म्हणजे माणूसच बसायला पाहिजे. स्नेहल आणि सम्राट दोघं, त्यातही बाकीची कामं डोंगराएवढी.

तेव्हा ती आली सप्ताहाच्या मीटिंगला. देवळाच्या ओट्यावर आम्ही वीणेचे पहारे लावत होतो. सप्ताहाची रीत ठाऊक आहे ना? वीणा गळ्यातून गळ्यात जाते, भुईला टेकत नाही. पुढचा आल्याशिवाय मागचा हलत नाही. मग भूक लागो, झोप येवो.

"आण्णा," ती मला म्हणाली, "वीणेला जसे लावताय, तसे दोन-दोन माणसांचे पहारे माझ्याकडं लावून द्या. माझाही सप्ताहच बसतोय."

कुणी हसलं. टाळकऱ्यांतला सतीश म्हणाला, "तिथं हरिनाम घ्यायचं का पाढं म्हणायचं?"

सम्राट म्हणाला, "नाव कुणाचंबी घ्या भाऊ, नजर आचेच्या काट्यावर पाहिजे. काटा सरकला तर ही गोल मूठ फिरवून या दोन रेघांच्या मधी आणायचा. लाईट गेली की हिरवं बटण दाबायचं, जनरेटर सुरू होतो. बस्स, एवढीच पोथी."

लागले पहारे! नेम असा की पहाऱ्यावरच्यानं मोबाईल बंद करून पुढच्याच्या घरी ठेवायचा, म्हणजे रमायला नको. देवळात वीणा, गुऱ्हाळात काटा. पहिल्याच दिवशी सतीशचा पहारा संपला, पुढचा आला, आणि सतीशनं वीणेला ठेवतात तसा भक्तिभावानं पात्रावर माथा टेकला. चंदेरी कागदाखाली भट्टी होती महाराज! बोंब ऐकून शेजारच्या उसातली तोडणीवाली माणसं धावत आली. कपाळाला बुक्क्याच्या जागी फोड. त्या दिवसापासून स्नेहलनं पात्राच्या पुढ्यात दोन हात लांब एक पाट मांडला आणि त्यावर पितळेचा छोटा विठोबा ठेवला. "माथा इथं टेकायचा. तिथला देव गरम हाय."

असा सप्ताह चालला. ज्या गावात दोन गल्ल्यांतली माणसं एका पंगतीला बसायची नाहीत, ती तिथं शेजारी शेजारी बसून काटा बघू लागली. लाईट गेली की बायका "गेली गं बया" म्हणून एकदम उठायच्या आणि चार हात हिरव्या बटणावर पडायचे.

काल्याच्या आदल्या दिवशी स्नेहलनं सगळ्यांना बोलावून सांगितलं. उद्या शेक थांबवायचा. पण एकदम नाही, पात्राच्या काचेच्या खिडकीला तडा जाईल. गोल मूठ थोडी थोडी मागं फिरवत आच उतरवायची, गार व्हायला पुष्कळ वेळ लागतो. आणि सुरुवात कधी करायची? पोरगी आमच्याच गावची. घड्याळातली वेळ सांगायच्या ऐवजी ती सहज बोलून गेली, "काल्याची हंडी फुटली की मूठ मागं घ्यायला लागा. तवर हात लावू नका."

आमच्याकडं हंडी दुपारच्या जेवणाआधी फुटते. पिढ्यान्‌पिढ्या. त्यात चूक काय होणार होती?

काल्याच्या सकाळी स्नेहल आणि सम्राट शिरूरकडं गेले. रांजणगावात एका वर्कशॉपमध्ये बंदुकीला लागणारा उच्च दाबाचा वीजपुरवठा तयार झाला होता. अनुपमाबाई आधी तो बघणार, रात्री शिरूरला मुक्काम करणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राहूला. गुऱ्हाळात पहाऱ्याला सोजराबाई बसल्या, सोबत एक शेजारीण. "काल्याच्या आधी सतीश मला सोडवायला येतो म्हणालाय," असं सांगून त्यांनी नवं लुगडंही नेसून ठेवलं होतं.

आणि आमचे म्हाळूबुवा आलेच नाहीत.

म्हाळूबुवा म्हणजे शिरूर तालुक्यातले गोड गळ्याचे कीर्तनकार. मृदंगवाला सम चुकला तरी ते त्याला प्रेमानं हसून परत जागेवर आणतात, असा माणूस. त्यांना एकच खोड, नाही म्हणता येत नाही. त्यांनी एकाच दिवशी दोन गावांचे काले घेतले होते. पहिल्या गावात उशीर झाला, तिथून निघाले तर पुलाच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी पडलेली. मंडपात माणसं ताटकळली, टाळकऱ्यांनी गाऊन गाऊन वेळ काढला, लहान पोरं हंडीखाली झोपली. सतीश मंडपातच. त्याचं म्हणणं, "काल्याच्या आधी जायचं ठरलंय, आन् काला कुठं सुरू झालाय?" शेजारीण दुपारी धारा काढायच्या म्हणून घरी गेली. सोजराबाई एकट्या. मोबाईल सतीशच्या घरी. कान भोंग्याकडं, नजर काट्यावर.

बुवा आले ते दिवेलागणीला. उभे राहिले, आणि काय सांगू, ताटकळलेल्या लोकांना त्यांनी पहिल्याच आलापात जिंकलं. हंडी फुटली. मी द्रोणात काला घेतला आणि गुऱ्हाळाकडं निघालो. आत गेलो तर सोजराबाई मूठ पहिल्यांदा मागं घेत होत्या.

"आण्णा, भोंग्यातनं ऐकलं. हंडी फुटली न्हवं? म्हटलं लागावं कामाला."

"सोजराबाई, तुम्ही सकाळपासनं इथंच?"

"सोडवायला कोण आलं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही हो, साधं. मग हळूच, "बुवांनी आज कुठला अभंग घेतला?"

मी द्रोण खाली ठेवला. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. स्नेहल.

"आण्णा, पात्र गार होत आलं असेल ना?"

"गार? पोरी, हंडी आत्ता फुटली."

 पलीकडून सम्राटचा आवाज, "काय झालं?" आणि स्नेहल रडते की हसते ते कळेना. म्हणाली, "मीच सांगितलं होतं. मीच. आत्याला काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमाबाई आल्या. उंच, केस कापलेले, बोलणं मोजकं. टोपी-मोजे घालून आत गेल्या, पात्राजवळ हात नेला आणि थांबल्या.

"हे अजून गरम आहे."

"हो मॅडम," स्नेहल म्हणाली. "शेक उशिरा थांबला."

"का?"

स्नेहलनं खरं ते सांगितलं. कीर्तनकार उशिरा आले म्हणून.

बाईंनी चष्मा काढला. "मी पुष्कळ कारणं ऐकली आहेत. लेझर बिघडला, पंप बंद पडला. हे नवीन आहे." मग जरा मऊ आवाजात, "स्नेहल, दुपारी दौंडहून माझी गाडी आहे. हे तोवर गार व्हायचं नाही. मी जे बघितलं नाही ते लिहू शकत नाही."

दाराबाहेर मारुतराव उभे होते. त्यांनी मान फिरवली. सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्यापायी झालं," एवढंच.

आता बघा, म्हाळूबुवा त्या रात्री गावातच राहिले होते. सकाळी मी त्यांना चहाला बोलावलं आणि झाला प्रकार सांगितला. बुवांचा कप खाली. "म्हंजी माझ्यामुळं एक माऊली काल्यावाचून राहिली? आन् त्या पोरीचं काम अडलं?" फेटा बांधायला लागले. "चला. टाळकऱ्यांना हाक मारा. तिचा काला ऱ्हायलाय, तो मी देणं लागतो."

गुऱ्हाळाच्या अंगणात, जिथं पूर्वी चिपाड वाळायचं, तिथं सतरंजी पडली. वेशीपर्यंत टाळ ऐकू गेले आणि गाव गोळा झालं. बुवांनी सोजराबाईंना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. अनुपमाबाईंना खुर्ची दिली, त्या अवघडून बसल्या, घड्याळ बघत.

बुवांनी आधी स्नेहलला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं होतं. आणि उभे राहून काय म्हणाले ते ऐका.

"मंडळी, या पोरीनं आत एक आरती मांडलीय. उजेड ओवाळायचा आन् कणाकणाला फिरकी लावायची. पण खरी परीक्षा कशात? तर आरती उलटी फिरवली की नाचणारे उलटे फिरले पाहिजेत. त्यांनी खरंच उजेडाचं ऐकलं हे तेव्हा कळतं. नाहीतर काय, आपल्यासारखे! महाराज इकडं सांगतायत, ह्ये तिकडं नाचतायत."

हशा पिकला.

"तुम्ही म्हणाल बुवा, दृष्टांत द्या. लांब कशाला जायचं? आपलं दौंड! जुन्या माणसांना विचारा. पुण्याहून नगरला जाणारी गाडी दौंडला आली की काय व्हायचं? इंजिन सुटायचं, पलीकडनं लागायचं. डबे तेच, माणसं तीच, जो पुढं होता तो मागं! एक म्हातारी ओरडायची, अगं बाई, गाडी परत पुण्याला चालली! अन् शेजारचा सांगायचा, मावशी, बसा, गाडी बरोबर चाललीय, फकस्त तोंड फिरलंय. तसं ह्या कणाचं. इंजिन म्हंजी उजेड. उजेडाचं तोंड फिरलं की कणाचं फिरलं. आन् माणसाचं इंजिन कोणतं?"

"नाम!" गाव गरजलं.

मृदंगावर थाप पडली. बाईंची नजर घड्याळाकडं जायची थांबली होती. त्या हसत होत्या, मोकळ्या, मान मागं टाकून. बुवांनी पखवाजवाल्याला खूण केली, पावली सुरू झाली, आणि सोजराबाईंनी असा सूर लावला की बुवांनीच क्षणभर गाणं थांबवून हात जोडले.

कीर्तन संपलं तेव्हा सम्राट हळूच बाईंच्या कानाशी आला. "मॅडम, जायच्या आधी एकदा पोकळीचा आकडा, आत हवा किती उरलीय तो, बघता का? नुसता बघा."

बाई आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा मोजे तसेच हातात.

"स्नेहल, पात्र अजून कोमट असताना हा आकडा? मी एवढ्या लवकर असा बघितलेला नाही. गार झाल्यावर आणखी खाली जाईल. किती शेक दिला म्हणालीस?"

"ठरला होता त्यापेक्षा अर्धा दिवस जास्त," स्नेहल म्हणाली. "कीर्तनकार उशिरा आले म्हणून."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, बुवांकडं बघितलं. मग सम्राटला म्हणाल्या, "दौंडहून रात्री एखादी गाडी असेल का?"

"मॅडम, जंक्शन हाय ते," सम्राट म्हणाला. "तिथं गाड्यांना काय तोटा!"

अंगणात एकच गलका. कुणीतरी पिठलं-भाकरीचा बेत लावला.

ऊन कलतं झालं तेव्हा पात्र गार झालं. आत स्नेहल, सम्राट आणि बाई तिघंच, आम्ही बाकीचे बाहेरून गुऱ्हाळाच्या खिडकीच्या काचेतून बघत. स्नेहलनं त्या स्फटिकावर लेप चढवायला सीझियम नावाच्या धातूची वाफ जराशी सोडली, मग किंचित प्राणवायू, मग पुन्हा वाफ. तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं, हळू. पडद्यावरची रेघ चढायला लागली. उतरली. बाहेर मारुतरावांनी माझं मनगट धरलं. पुन्हा चढली, आधीपेक्षा वर, आणखी वर, आणि तिथं जाऊन ठरली. "येतायत," सम्राट म्हणाला. "भायेर येतायत."

मग डोळ्याला जेमतेम दिसेल असा गडद लाल उजेड, त्याच्या वाटेत एक स्फटिकाची चकती, उजेडाला फेरी देणारी. नाचत निघालेले कण पुढं सोन्याच्या वर्खावर जाऊन आपटायचे. उजव्या फिरकीचे एका बाजूला जास्त उडणार, डाव्या फिरकीचे दुसऱ्या. दोन्हीकडचे मोजले की शंभरामागं एका फिरकीचे किती जास्त ते निघतं. स्नेहल पडद्याकडं बघत राहिली.  बाईंनीच वाचलं.

"पंच्याऐंशी."

"म्हंजी पास का नापास?" सतीशनं काचेबाहेरून ओरडून विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बुवांची परीक्षा राहिली." त्यांनी स्वतःच्या हातानं उजेडाची फेरी उलटी केली. आकड्यापुढं वजाची खूण आली. तेवढाच, पण उलटा. पुन्हा फिरवली, पुन्हा सुलटा. लहान पोरासारखं त्यांनी ते तीन-चारदा केलं, गरज नसताना.

"दौंड आलं, दौंड!" बुवा बाहेर नाचायला लागले.

बाई बाहेर आल्या, स्नेहलला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "अहवालात लिहिते. हे काम राहूलाच झालं पाहिजे." मारुतराव त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले. मोजे घालायचे विसरले, आणि पोरगी ओरडली नाही.

अंगणात सोजराबाईंनी अनुपमाबाईंपुढं दोन्ही हात केले. "या, फुगडी घालू."

"मला येत नाही हो."

"त्या एवढ्याशा कणाला येती, तुम्हाला येईना व्हय?"

आणि घातली! पायताणं भिरकावून, दोघी गरागरा, गाव टाळ्या वाजवतंय, बुवा मृदंगाचे बोल तोंडानं म्हणतायत. गाडीची वेळ होईस्तोवर चालली.

पुढं त्या गुऱ्हाळात दुसरी बंदूक उभी राहिली, तिच्या शेकालाही पहारे लागले. आता वेळ घड्याळावर सांगतात, आणि म्हाळूबुवा एका दिवशी एकच काला घेतात.

झाली गोष्ट. एक मागणं आहे माझं. तुमच्या गावी काला वाटला जाईल, हात पुढं होतील, द्रोण भरतील, तेव्हा घास तोंडात घालायच्या आधी क्षणभर थांबा. मंडपात जो दिसत नाही, कुठंतरी एकटा पहाऱ्यावर बसलाय, सोडवायला कुणी आलं नाही म्हणून उठला नाही, त्याला मनात आणा. आणि चेहरा आठवेना झाला, तर आमच्या सोजराबाईंना आठवा.